धृतराष्ट्राचा पट : जुन्या संगणकीय युद्धखेळांतील चित्र आणि नियम

संगणकावरच्या युद्धखेळांच्या जाणकारांत एक वाद चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. खेळात महत्त्व कशाला, पडद्यावर दिसणाऱ्या चित्राला की त्या चित्रामागे चालणाऱ्या नियमांच्या व्यवस्थेला? त्यांच्या परिभाषेत बोलायचे तर ग्राफिक्सला की गेमप्लेला? एका पक्षाचे म्हणणे असे की, रणगाडा रणगाड्यासारखा दिसला पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तो रणगाड्यासारखा वागला म्हणजे पुरे. पडद्यावर त्याच्या जागी एक चौकोन आणि त्यात एक लंबगोल असला तरी बिघडत नाही. वरवर पाहता हा रुचिभेद आहे आणि रुचिभेदाचे वाद जसे मिटत नाहीत तसा हाही मिटलेला नाही. पण दुसऱ्या पक्षाच्या बोलण्यात रुचीपलीकडचा एक सूर नेहमी ऐकू येतो. चित्राला भुलणारा खेळाडू त्याला नुसता बाळबोध वाटत नाही. काहीसा उथळ, जवळजवळ बेजबाबदार वाटतो. युद्ध ही गंभीर गोष्ट आहे, तिचे सत्य रंगांत नसून रसद, अंतर, थकवा आणि संख्या यांत आहे, आणि म्हणून उघडाबोडका पट हाच युद्धाशी अधिक प्रामाणिक आहे, असा हा दावा आहे. तो सौंदर्यशास्त्रीय असल्यासारखा मांडला जातो, पण मुळात तो नैतिक आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच तपासणी करावयाची आहे.

साहित्यविचाराच्या वाचकाला या वादाची ठेवण अपरिचित वाटू नये. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या सहा घटकांत कथानकाला आत्म्याचे स्थान दिले आणि दृश्याला सर्वांत कमी कलात्म ठरवले. शोकात्मिकेचा परिणाम प्रयोगावाचून, नटांवाचूनही साधला पाहिजे, असे त्याने बजावले. भरताने आहार्याला अभिनयाच्या चार प्रकारांत जागा दिली खरी, पण त्याच्याच रंगभूमीवर कक्ष्याविभागाच्या संकेताने चार पावलांत एका स्थळातून दुसऱ्या स्थळात जाता येते आणि त्यासाठी पडदा रंगवावा लागत नाही. आनंदवर्धनाने तर व्यंग्यार्थ नसलेल्या काव्याला ‘चित्र’ हेच नाव देऊन त्याला काव्याची केवळ नक्कल म्हटले. आपल्या काव्यशास्त्रात ‘चित्र’ हा शब्द उणेपणा दाखवण्यासाठी आलेला आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. तेव्हा ज्याने ‘ध्वन्यालोक’चे नावही ऐकलेले नाही असा एखादा युद्धखेळाडू ‘मला चित्र नको, यंत्रणा दाखवा’ असे म्हणतो, त्या वेळी त्याच्या पाठीशी मोठमोठी माणसे उभी असतात. प्रश्न असा की, काव्यातील किंवा नाट्यातील दृश्यविषयक संशय युद्धाच्या अनुकृतीला जसाच्या तसा लागू पडतो काय? नाटकात वगळलेले दृश्य प्रेक्षकाच्या कल्पनेत पुन्हा उभे राहते. युद्धखेळात वगळलेले दृश्य कोठे जाते?

या खेळांची परंपरा संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. बुद्धिबळाच्या पटात भूप्रदेशाचे भेद घालून युद्धखेळ बनवण्याचा उद्योग जर्मनीत हेलविग याने १७८० मध्ये केला. पण पटाचा खरोखरीचा नकाशा झाला तो प्रशियाच्या राइसवित्झ पितापुत्रांच्या हातून. मुलाने १८२४ मध्ये आपला खेळ प्रशियाच्या सेनाप्रमुखापुढे मांडला, आणि म्युफ्लिंगने तो पाहून हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे अशा अर्थाचे उद्गार काढले, ही हकिकत या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. तिच्यातच दुसऱ्या पक्षाचा अभिमान बीजरूपाने आहे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स याने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ प्रसिद्ध केला, १९५८ मध्ये ॲव्हलॉन हिल ही संस्था काढली आणि १९६१ पासून तिच्या पटांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे आली. पुठ्ठ्याची सोंगटी, तिच्यावर एक आकडा ताकदीचा व दुसरा चालीचा, वर लष्करी नकाशांतले चिन्ह (चौकोनात फुली म्हणजे पायदळ, लंबगोल म्हणजे चिलखती दल), हल्लेखोर व बचावकर्ता यांच्या ताकदीचे गुणोत्तर, एक फासा आणि निकालाचे कोष्टक. बस्स. पुढच्या पंचवीस वर्षांत नियमांची पुस्तके जाड होत गेली, पण या मूळ व्याकरणात फारसा बदल झाला नाही.

संगणकाने हे व्याकरण जसेच्या तसे उचलले. जोएल बिलिंग्जच्या स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या संस्थेचा पहिला खेळ ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ १९८० मध्ये ॲपल-दोन या यंत्रावर आला. त्या यंत्राच्या पडद्यावर आडवे २८० आणि उभे १९२ ठिपके मावत, रंग सहा. एवढ्या ऐवजात जहाज जहाजासारखे दिसणे शक्यच नव्हते. म्हणजे चित्राचा त्याग हा आरंभी त्याग नव्हताच, ती गरिबी होती. गरिबीचे व्रतात रूपांतर कसे होते हे आपल्याकडच्या वाङ्मयीन चळवळींच्या अभ्यासकांना मी सांगायला नको. यंत्रे श्रीमंत झाली, पडद्यावर हजारो रंग आले, तरी गॅरी ग्रिग्सबीसारख्या रचनाकारांचे खेळ आकड्यांचेच राहिले. आणि त्यांच्या चाहत्यांनी त्या आकड्यांच्या रखरखीत पडद्यांना गांभीर्याची खूण मानले.

माझ्या पिढीच्या मराठी माणसाच्या हाती हे खेळ आले ते बहुधा उशिरा, इम्युलेटर नावाच्या, जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या आज्ञावलीमुळे. त्यामुळे त्यांच्याविषयीची हळवी आठवण मजजवळ नाही. तरीही ख्रिस क्रॉफर्डचा ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ हा १९८१ मधील खेळ मी आज खेळतो तेव्हा त्याची बुद्धिमत्ता मला थक्क करते. अटारीच्या यंत्रावर अवघ्या सोळा किलोबाइट स्मृतीत तो बसतो. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते. खेळाडूकडे जर्मन बाजू, संगणकाकडे रशियन. एक डाव म्हणजे एक आठवडा. २२ जून १९४१ ला आरंभ, मार्च १९४२ मध्ये शेवट. येथे घरे षटकोनी नसून चौकोनी आहेत, सैन्याची दले म्हणजे लहानशा ठोकळेवजा आकृती. खेळाडू विचार करीत बसलेला असताना यंत्र रिकामे राहत नाही. तेवढ्या वेळात ते आपली चाल सुधारीत असते. आणि ऋतू बदलतात. शरदात जमीन चिखलाची होते, दलांची गती मंदावते, रसद पोचेनाशी होते. मग नकाशाचा रंग पांढरा होतो आणि नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे गोठत येतात. हे सारे रंगाच्या एका बदलाने आणि दोनचार आकड्यांच्या फेरफाराने साधले आहे.

येथे गेमप्लेच्या पक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वोत्तम रूपात मान्य केले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये खेळाडूच्या लक्षात येते की आपली आघाडीची दले फार पुढे गेली आहेत. प्रत्येक दलाला दोन आकडे आहेत: एक त्याच्या पूर्ण भरतीचा, दुसरा प्रत्यक्ष लढण्याच्या ताकदीचा. पहिला जवळजवळ तसाच आहे, दुसरा घसरत चालला आहे. दल जिवंत आहे पण लढू शकत नाही. का? कारण मागे, पश्चिमेकडे जाणारी रसदीची वाट तुटली आहे. हे ज्ञान कोणत्याही चित्रातून मिळणार नाही. चिखलात रुतलेल्या मालमोटारीचे उत्कृष्ट छायाचित्र चिखल दाखवील. चिखलाचा तीन आठवड्यांनंतरचा परिणाम दाखवू शकणार नाही. लेसिंगने १७६६ मध्ये चित्राला अवकाश आणि शब्दाला काल वाटून दिला होता. नियमाला दोन्ही मिळतात आणि त्याखेरीज तिसरी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे कार्यकारणभाव. शिवाय येथे कारण खेळाडूच्या स्वतःच्या हातून घडलेले असते. महत्त्वाकांक्षेने पुढे ढकललेले दल आपणच ढकललेले असते. कादंबरीचा वाचक नायकाच्या अविचाराबद्दल हळहळतो. येथे हळहळायला दुसरा कोणी नायक नाही.

१९९४ मध्ये याच स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्सने ‘पॅन्झर जनरल’ काढला. नियम सुटसुटीत, चित्रे देखणी, प्रत्येक चकमकीगणिक एक लहानसे चलच्चित्र. खेळाडू पुन्हा जर्मन सेनापती. डाव जिंकत गेला तर त्याची प्रतिष्ठा अंकांत वाढते, त्या अंकांतून नवी, अधिक सुबक आयुधे विकत घेता येतात, आणि फार मोठे विजय मिळवले तर इतिहास मोडून तो थेट वॉशिंग्टनवर चालून जाऊ शकतो. खेळ अतिशय लोकप्रिय झाला आणि जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. त्यांचे म्हणणे, येथे चित्र हे बक्षीस झाले आहे. मला हे निरीक्षण बरोबर वाटते. रणगाडा सुंदर काढला म्हणजे तो हवाहवासा वाटतो, आणि हव्याशा वाटणाऱ्या वस्तूच्या मालकाची बाजू कोणती हा प्रश्न मागे पडतो. १९९१ च्या आखाती युद्धात बॉम्बच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये घरोघरच्या दूरदर्शन संचांवर दिसली होती. इमारत जवळ येते, मोठी होते, पडदा फुटतो. इतके ‘खरे’ चित्र यापूर्वी कोणी पाहिले नव्हते, आणि इतक्या जवळून पाहूनही त्यात एक माणूस दिसत नव्हता. चित्र वाढले म्हणजे वेदना दिसू लागते, हा समज त्या वर्षी तरी निकालात निघायला हवा होता.

क्रॉफर्डने या प्रश्नाला १९८५ मध्येच एक उत्तर देऊन ठेवले होते. ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ हा त्याचा खेळ अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाचा. दोन महासत्ता जगातल्या लहान देशांत ढवळाढवळ करतात, एकमेकींना धमकावतात, आणि ताण प्रमाणाबाहेर गेला की अणुयुद्ध होते. ते झाले की खेळ थांबतो. काळ्या पडद्यावर चार ओळी येतात. आपण अणुयुद्ध पेटवले आहे. स्फोटाच्या ढगाचे किंवा उडणाऱ्या अवयवांचे चलच्चित्र येथे दाखवले जाणार नाही, कारण अपयशाला आम्ही बक्षीस देत नाही, असा त्यांचा आशय. संगणकीय खेळांच्या इतिहासात चित्र नाकारण्याला इतके स्पष्ट नैतिक कारण क्वचितच दिले गेले असेल. येथे चित्राचा अभाव ही गरिबी नाही, सवयही नाही. ते विधान आहे.

एवढ्यावरून वाद निकालात निघाला असे वाटू शकेल. चित्र भुलवते, नियम शिकवतो. म्हणून नियमाची बाजू सत्याची. पण मला वाटते, येथूनच खरी अडचण सुरू होते, आणि ती समजण्यासाठी महाभारतातील भीष्मपर्वाचा आरंभ आठवणे उपयोगी पडेल.

युद्ध सुरू होण्यापूर्वी व्यास धृतराष्ट्राकडे येतात आणि त्याला विचारतात, तुला हे युद्ध पाहावयाचे असेल तर मी दृष्टी देतो. जन्मांध राजाला प्रथमच डोळे मिळणार आहेत. तो नाकारतो. आप्तांचा वध पाहणे आपल्याला रुचत नाही, मात्र युद्ध संपूर्णपणे, काही शिल्लक न ठेवता ऐकावयाचे आहे, असे तो म्हणतो. मग संजयाला दिव्य दृष्टी मिळते. पुढचा क्रमही पाहण्यासारखा आहे. धृतराष्ट्र प्रथम वृत्तान्त विचारीत नाही. ज्या भूमीसाठी राजे लढतात ती कशी आहे ते सांग, असे विचारतो, आणि संजय द्वीपे, पर्वत, नद्या, जनपदे यांची लांबलचक यादी सांगतो. म्हणजे आधी नकाशा. सैन्याची मोजदाद तर आपल्याला पाठच असते: अकरा अक्षौहिणी एकीकडे, सात दुसरीकडे, एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. एकास एक, तीन, पाच असे ठरीव गुणोत्तर. नकाशा, गुणोत्तरे, दिवसागणिक डाव, आणि सर्व काही जाणणारा पण शस्त्राने ज्याला इजा होणार नाही असा निवेदक. युद्धखेळाचा सारा सरंजाम येथे आहे.

धृतराष्ट्राची मागणी ही मला जुन्या युद्धखेळाडूची मागणी वाटते. सर्व कळावे, पण दिसू नये. तिच्यात दोन हेतू इतके मिसळलेले आहेत की ते वेगळे काढणे अवघड: एक जाणून घेण्याचा, दुसरा वाचण्याचा. चित्र नाकारणे हे तमाशा नाकारणे असू शकते, जसे क्रॉफर्डच्या काळ्या पडद्यात आहे. आणि ते साक्षी होण्याचे नाकारणेही असू शकते. कोणता नकार कोणत्या खेळात आहे हे पडद्याकडे पाहून कळत नाही, कारण दोन्ही पडदे सारखेच उघडेबोडके असतात. ते कळते नियमांकडे पाहून. ज्याला चित्र नको त्याने नियमांत काय ठेवले आणि काय गाळले, हे तपासणे म्हणूनच भाग पडते.

पुन्हा ‘ईस्टर्न फ्रंट’कडे वळू, आणि नेमके त्याच्या सर्वांत कौतुकास्पद नियमाकडे, रसदीच्या नियमाकडे. जर्मन दलाला रसद मिळते ती पश्चिमेच्या कडेकडून. मागची वाट मोकळी असेल तर दल ताजे, नसेल तर क्षीण. लष्करी दृष्टीने हे स्वच्छ अमूर्तीकरण आहे. दारूगोळा आणि इंधन पश्चिमेकडूनच येत होते. पण अन्न? २ मे १९४१ रोजी, स्वारीच्या सात आठवडे आधी, बर्लिनमध्ये निरनिराळ्या खात्यांच्या सचिवांची जी बैठक झाली तिचे टिपण न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुराव्यात दाखल आहे. युद्ध पुढे चालवायचे तर सारे सैन्य रशियाच्या अन्नावर पोसले गेले पाहिजे, आणि तसे केल्यास त्या देशात कोट्यवधींच्या हिशेबात माणसे उपाशी मरतील यात शंका नाही, असे त्यात शांतपणे नोंदवले आहे. हर्बर्ट बाके या अन्न खात्याच्या सचिवाने आखलेली ही योजना होती. रेल्वेची वाहतूक दारूगोळ्यासाठी मोकळी राहावी, जर्मनीतल्या घरांतली भाकरी कमी होऊ नये, म्हणून सैन्याने जिंकलेल्या भूमीचे अन्न खायचे. योजना ठरल्यासारखी पूर्ण अमलात आली नाही, पण तिचे बळी खरे आहेत. पकडलेल्या सोव्हिएत सैनिकांपैकी सुमारे वीस लाख फेब्रुवारी १९४२ पर्यंत भूक, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांनी मेले. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये २० नोव्हेंबर १९४१ पासून मुलांना आणि काम न करणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळू लागला, तोही भेसळीचा.

तारखांकडे लक्ष द्यावे. हे सर्व खेळाच्या त्याच चाळीस-एकेचाळीस आठवड्यांत घडले आहे. खेळातले लेनिनग्राड हे घेतल्यास गुण देणारे एक घर आहे. वेढलेले रशियन दल क्षीण होत जाते, नष्ट होते आणि पडद्यावरून जाते. त्यातून जे जिवंत हाती लागले त्यांचे काय झाले, हा प्रश्न निर्माण होण्यासाठी आवश्यक ती संज्ञाच त्या व्यवस्थेत नाही. आणि रसद ही पश्चिमेच्या कडेतून, जणू आकाशातून, येत राहते. म्हणजे ज्या नियमामुळे हा खेळ चित्रापेक्षा अधिक सत्य सांगतो असे आपण म्हटले, त्याच नियमात सर्वांत मोठे मौन आहे. हे मौन चित्राच्या अभावाने निर्माण झालेले नाही. चांगले चित्र आणून ते भरूनही निघणार नाही. भुकेचे धोरण रंगवता येत नाही. भुकेलेला माणूस रंगवता येतो, धोरण नव्हे. धोरण ही वाटपाची गोष्ट आहे, आणि वाटप दाखवण्याची ताकद केवळ नियमात आहे. म्हणून दोषही नियमाचाच.

यावर असा आक्षेप येईल की, हा अखेर खेळ आहे. सोळा किलोबाइटांच्या करमणुकीवर न्यूरेंबर्गचे कागद आणून टाकणे हा प्राध्यापकी अतिरेक होय. करमणूक म्हणून केलेल्या खेळाला ही सवलत मी आनंदाने देईन. ‘पॅन्झर जनरल’ला ती एकवेळ देता येते, कारण तो आपण सत्य सांगतो असे म्हणत नाही. परंतु गेमप्लेच्या पक्षाला ती मागता येत नाही. चित्राला कमी लेखताना त्याने ज्या शब्दाचा आधार घेतला तो ‘सिम्युलेशन’, प्रतिरूपण हा आहे. आमचा पट कुरूप आहे पण खरा आहे, हे त्याचे म्हणणे. जो खरेपणाच्या नावाने दुसऱ्याला उथळ म्हणतो त्याने आपल्या खरेपणाची मर्यादा सोसली पाहिजे.

शिवाय जागा नव्हती हा बचावही सर्वत्र टिकत नाही. रिचर्ड बर्गच्या ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ या १९७९ च्या पटावरील खेळात इटालियन तुकड्यांना शेवया उकळण्यासाठी जादा पाणी लागते, असा एक नियम आहे. तो थट्टेने घातला होता असे खुद्द बर्गने सांगितले आहे, पण शौकिनांत तो तपशिलाच्या अतिरेकाचा दाखला म्हणून अजरामर झाला. मला त्यात वेगळेच काही दिसते. या खेळांना अन्नपाणी कळत नाही असे नाही. सैनिकाच्या पातेल्यापर्यंत ते पोचू शकतात. पातेल्यात जे शिजते ते कोणाच्या शेतातून आले, येथे मात्र त्यांची जिज्ञासा थांबते. २०१० च्या ग्रिग्सबीच्या ‘वॉर इन द ईस्ट’मध्ये रेल्वे, मालमोटारी, रणगाड्यांचे प्रकार यांचा हिशेब कमालीच्या बारकाईने ठेवला आहे, यंत्राच्या गरिबीचे कारण तेथे उरलेलेच नाही. तरीही जिज्ञासेची कड जवळपास तेथेच आहे जेथे ती १९८१ मध्ये होती.

अमूर्त खूण माणसाला भावशून्य करते, असा सरसकट निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेले म्हणून जे पत्र परंपरेने सांगितले जाते ते आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ऐकलेले आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा, आणि रुपये व खुर्दा यांची तर गणतीच नाही, हा त्यातला आशय. सावकारी हिशेबाच्या सांकेतिक भाषेत सांगितलेले ते युद्धवर्तमान आहे, शुद्ध सोंगट्यांचे. तरीही अडीच शतकांनंतर ते अंगावर येते, कारण मोत्यांना चेहरे आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. खूण चेहरा पुसत नाही. चेहरा आधी माहीत असेल तर ती त्याला अधिक तीव्र करते. पण याच पत्रात खुर्द्याची गणती नाही. पदरी घोडा नसलेले, शिबंदीतले, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका सारे त्या खुर्द्यात. संकेताची व्यवस्था किती खोल जाते हे तिच्या मोत्यांवरून नव्हे, खुर्द्यावरून ओळखावे लागते.

महाभारताने स्वतः दृश्याचा प्रश्न कसा सोडवला हे येथे पुन्हा पाहिले पाहिजे. धृतराष्ट्राने न पाहण्याचे निवडले, पण महाकाव्याने ते दृश्य सोडून दिलेले नाही; ते पुढे ढकलले आहे. स्त्रीपर्वात, सारे संपल्यावर, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या गांधारीला दिव्य दृष्टी मिळते आणि ती रणभूमी कृष्णाला दाखवते. तुटलेले अवयव, कोल्हे, गिधाडे, आपापली शिरे-धडे शोधणाऱ्या सुना. युद्ध चालू असताना पाहिले तर ते रोमांचक झाले असते. झाल्यावर पाहिले म्हणून ते असह्य आहे. ग्राफिक्सच्या पक्षाने आपल्या बाजूने मांडायला हवा होता तो हा युक्तिवाद, पण तो त्याने कधी मांडला नाही, कारण त्याला हवे असलेले चित्र हे चालू युद्धाचे आहे. अलीकडच्या खेळांत रक्तमांसाची कमतरता नाही. त्याने स्त्रीपर्व होत नाही, कारण रक्त उडते ते खेळाडूच्या गोळीच्या प्रत्ययासाठी, आणि क्षणार्धात पडदा स्वच्छ होतो. जुन्या खेळांत तर शेवटी गुणांची बेरीज येते आणि यंत्र नव्या डावाची वाट पाहत थांबते. दोन्ही पक्षांचे खेळ शल्य-सौप्तिकापाशीच संपतात.

नियमाला स्त्रीपर्व जमतच नाही काय? ब्रेंडा रोमेरोने २००९ मध्ये केलेल्या ‘ट्रेन’ या पटावरील खेळाने जमते असे दाखवले. रूळ, मालगाडीचे डबे, आणि लहान पिवळ्या लाकडी खुंट्या. खेळाडूंनी खुंट्या डब्यांत भरून गाडी मुक्कामाला पोचवायची. कार्यक्षमतेची चढाओढ अगदी साधी आहे आणि खेळाडू तिच्यात रंगतात. मुक्काम आल्यावर पत्ता उलटला की तेथे ऑश्विट्झ लिहिलेले असते. चित्र जवळजवळ नाहीच. खुंटीला डोळे-नाक काही नाही. ज्यांना मुक्काम आधी उमगतो ते गाडी अडवण्याच्या, खुंट्या लपवण्याच्या वाटा नियमांतच शोधू लागतात, आणि त्या तशा सापडतातही. येथे धृतराष्ट्राला वाचण्याची सोय ठेवलेली नाही. तो पाहत नाही, पण डबे त्याने भरले आहेत.

‘ईस्टर्न फ्रंट’मध्ये असा एखादा नियम कसा दिसला असता याची मी कधीकधी कल्पना करतो. दर आठवड्याला खेळाडूपुढे एक साधा प्रश्न: पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांत तोफगोळे भरायचे की धान्य? तोफगोळे भरले तर दले जलद पुढे जातील आणि नकाशावरच्या शहरांशेजारी एक आकडा उतरत जाईल. गुण त्या आकड्याने वाढणार नाहीत वा कमी होणार नाहीत. तो नुसता तेथे असेल. याला चित्र लागत नाही, जास्तीचा रंगही लागत नाही. सोळा किलोबाइटांत त्याला जागा झाली असती का, हे त्या यंत्राचे जाणकार सांगू शकतील. नद्या एकेक करून गोठवण्यासाठी मात्र ती सापडली होती.